औंढा, नरसी आणि दुधाळा : आपल्या वाटेवरचा अभ्यासदौरा

(तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी)



'साइटसीइंग' हा शब्द उच्चारला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? इटली, ग्रीस, स्पेन! रोमचं कोलोसियम, अथेन्सच्या टेकडीवरचं पार्थेनॉन आणि अर्थातच पिसाचा झुकलेला मनोरा. कॉन्व्हेंटमधल्या जनरल नॉलेजच्या पुस्तकात या सगळ्यांना एकेक पान असतं. त्यामुळे पिसाचा मनोरा कुठल्या देशात आहे हे पाचवीतला मुलगाही सांगतो. पण औंढ्याचं देऊळ कोणत्या काळातलं, त्याचा खालचा भाग काळा आणि वरचा पांढरा का, असं विचारलं तर आपल्या हॉस्टेलच्या अख्ख्या मजल्यावर शांतता पसरेल.

भूमध्य समुद्राकाठचे देश सुंदर आहेत, यात वाद नाही. त्यांचा हेवा करण्यासाठी हा लेख नाही. आपल्या नांदेड-हिंगोली पट्ट्यात, एसटीच्या लाल डब्यातून दोन दिवसांत पाहून होतील अशी काही स्थळं आहेत. ती इंजिनिअरच्या नजरेने कशी बघायची, एवढाच या लेखाचा विषय. विशेष म्हणजे शेवटी आपण पुन्हा पिसालाच पोहोचणार आहोत, कारण पिसा आणि औंढा यांच्यात एक विलक्षण साम्य आहे.

बघणे म्हणजे काय?

आपल्या बहुतेक सहलींचा क्रम ठरलेला असतो. गाडीतून उतरायचं, फोटो काढायचे, काहीतरी खायचं आणि परत गाडीत बसायचं. याला फार तर हजेरी लावणे म्हणता येईल, बघणे नाही. कुठल्याही स्थळी गेल्यावर निदान तीन प्रश्न विचारावेत.

पहिला : हे इथेच का? दुसरा : हे उभं कसं राहिलं? तिसरा : हे आज कोण सांभाळतं?

व्हायवामध्ये सर आपल्याला हेच तर विचारतात! साइट सिलेक्शन, कन्स्ट्रक्शन आणि मेन्टेनन्स. फरक इतकाच, की इथे उत्तरं जर्नलमधून उतरवून काढता येत नाहीत. दगडासमोर उभं राहावं लागतं.

सुरुवात डोंगरकड्यापासून

माझं गाव डोंगरकडा, तालुका कळमनुरी, जिल्हा हिंगोली. म्हणून दौऱ्याची सुरुवात तिथूनच करू. नांदेडहून हिंगोलीकडे निघालं की अर्धापूर मागे पडल्यावर हे गाव लागतं. गावात कुणालाही विचारा, "इथं बघण्यासारखं काय आहे?" उत्तर ठरलेलं : "इथं काय हाय बघण्यासारखं? केळी अन् हळद!"

पण आपले तीन प्रश्न इथेही लावून बघा. केळी इथेच का? केळीला बारमाही पाणी लागतं आणि मराठवाड्यात तर पाण्याची बोंब. उत्तर आहे पैनगंगेवरचं इसापूर धरण. त्याच्या कालव्यांवर या पट्ट्यातली बरीच शेती उभी आहे. म्हणजे रस्त्याच्या कडेला दिसणारी केळीची हिरवी बाग हे खरं तर एका धरणाचं दुसरं टोक आहे. आपण सिंचनाच्या पेपरात 'कमांड एरिया' असं लिहितो, तो असा दिसतो.

हळदीच्या हंगामात, म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाशी आलात तर शेतात हळद शिजवायचे कुकर पेटलेले दिसतील. हळद काढायची, शिजवायची, उन्हात वाळवायची आणि मग ढोलात फिरवून पॉलिश करायची. वाफेवर शिजवणं, वाळवणं, घर्षण : अख्खं युनिट ऑपरेशन शेतात चालू असतं. केमिकलवाल्या मित्रांनी तर हे बघायलाच हवं. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. म्हणजे 'केळी अन् हळद' हे उत्तर तितकंसं साधं नाही.

डोंगरकड्याहून पुढे वारंगा फाटा. इथे एक रस्ता हदगाव-यवतमाळकडे फुटतो आणि दुसरा आखाडा बाळापूर, कळमनुरी करत हिंगोलीला जातो. फाट्यावर उतरून खिचडी खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नये, असा या वाटेवरचा नियम आहे. मेसच्या खिचडीशी तिची तुलना करू नये, ही नम्र विनंती.

नरसी : गावातून निघालेले शब्द

हिंगोली शहर कयाधू नदीच्या काठी वसलेलं आहे. १ मे १९९९ रोजी परभणी जिल्ह्यातून वेगळा होऊन हिंगोली जिल्हा झाला, म्हणजे हा जिल्हा आपल्यापेक्षा थोडासाच मोठा. पण याच कयाधूच्या काठचं नरसी हे गाव मात्र फार जुनं. संत नामदेवांचं हे जन्मगाव मानलं जातं. परंपरेनुसार त्यांचा जन्म १२७० चा, समाधी १३५० ची. व्यवसाय शिंप्याचा.

नरसीला दगडी शिल्पांची रेलचेल नाही. मग प्रवाशाने इथे बघायचं काय? इथे वास्तूपेक्षा एका प्रवासाची गोष्ट मोठी आहे. नामदेव महाराष्ट्रातून उत्तरेकडे गेले आणि पंजाबात दीर्घकाळ राहिले. गुरदासपूर जिल्ह्यातलं घुमान हे गाव त्यांच्यामुळे ओळखलं जातं. २०१५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच घुमानला भरलं होतं. पुढे १६०४ मध्ये गुरू अर्जुनदेवांनी आदिग्रंथाचं संकलन केलं, त्यात नामदेवांची ६१ पदं समाविष्ट झाली.

आता गोष्टीचा दुसरा भाग बघा. १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंग नांदेडला आले. तिथेच त्यांनी यापुढे ग्रंथालाच गुरू मानावं असं सांगितलं आणि तिथेच त्यांचं देहावसान झालं. त्या जागी महाराजा रणजितसिंग यांनी १८३२ ते १८३७ या काळात गुरुद्वारा बांधवला. तोच सचखंड श्री हुजूर साहिब, शिखांच्या पाच तख्तांपैकी एक. म्हणजे कयाधूकाठच्या एका शिंप्याचे शब्द पंजाबात गेले, ग्रंथात गुंफले गेले आणि काही शतकांनी गुरूच्या आसनावर बसून नांदेडला परत आले. नरसी ते नांदेड अंतर सुमारे शंभर किलोमीटर, पण शब्द गेले पंजाबमार्गे!

आपल्यापैकी कितीतरी जण दर रविवारी गुरुद्वाऱ्यात लंगरला जातात. त्या ग्रंथात आपल्या शेजारच्या जिल्ह्यातल्या माणसाची पदं आहेत हे कळल्यावर तिथलं कीर्तन वेगळं ऐकू येतं. नांदेडला आलेले शीख भाविक नरसीलाही येतात ते यामुळेच. आणि पंढरपूरच्या आषाढीनंतर वद्य एकादशीला वारकरी नरसीला येतात, ती परतवारी. एकाच गावात दोन परंपरांची माणसं एकाच माणसासाठी येतात. याहून मोठं प्रेक्षणीय स्थळ कुठलं असणार?

औंढा नागनाथ : दगडाचं गणित

हिंगोलीहून औंढा साधारण पंचवीस किलोमीटर. औंढा नागनाथ हे आपल्याकडे बारा ज्योतिर्लिंगांपैकी आठवं मानलं जातं. गुजरातेत द्वारकेजवळचं नागेश्वर आणि उत्तराखंडातलं जागेश्वर यांच्याबद्दलही तेथील भाविकांची हीच श्रद्धा आहे. तो वाद आपण भाविकांवर सोडून देऊ आणि देवळाकडे बघू.

देवळासमोर उभं राहिल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती रंगाची. खालचा भाग काळ्या पाषाणाचा, कोरीव. वरचं शिखर पांढरं, चुन्याच्या गिलाव्याचं. ही दोन वेगवेगळ्या काळांतली बांधकामं आहेत. खालचा भाग यादवकालीन. वरचा भाग पडझडीनंतर पुन्हा उभारलेला, आणि हे काम अहिल्यादेवी होळकरांनी करवलं असं सांगितलं जातं. म्हणजे देवळाची भिंत ही एक टाइमलाइन आहे. खालून वर वाचत जायची.

खालच्या भागाला आपण 'हेमाडपंती' म्हणतो. यादवांच्या दरबारातला हेमाद्री पंडित म्हणजेच हेमाडपंत, त्याच्यावरून हे नाव पडलं. अशी बरीच देवळं त्याच्याही आधीची आहेत, पण नाव त्याचं चिकटलं. या पद्धतीचं वैशिष्ट्य म्हणजे चुना किंवा माती न वापरता, घडीव दगड एकमेकांवर नेमके बसवून केलेलं बांधकाम. आपल्या भाषेत ड्राय मेसनरी. दगडाच्या वजनानेच दगड जागेवर राहतो.

आता सभामंडपात जाऊन वर बघा. एक गोष्ट लक्षात येईल, खांब जवळजवळ आहेत. का? दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये शिकलेलं आठवा. दगड दाब सोसतो, ताण सोसत नाही. दगडी तुळई फार लांब घेतली तर तिच्या खालच्या बाजूला ताण येतो आणि ती तडकते. तिथे घालायला स्टील नव्हतं. म्हणून अंतर कमी आणि खांब जास्त. छत झाकायलाही तीच युक्ती : चौकोनाच्या चार कोपऱ्यांवर तिरक्या शिळा टाकायच्या, त्यावर पुन्हा तिरक्या, असं करत मधलं भोक लहान करत न्यायचं. कुठल्याही शिळेला मोठी उडी मारावी लागत नाही. आपण आज कॅल्सी घेऊन जे सोडवतो, ते या कारागिरांनी दगडात सोडवलं होतं.

बाहेरची भिंत सरळ नाही, कोनाकोनांत मोडत जाते. त्यामुळे सकाळच्या आणि संध्याकाळच्या उन्हात प्रत्येक कोनाची सावली वेगळी पडते आणि देवदेवता, सुरसुंदरी, हत्ती, योद्धे अशी शिल्पं उठून दिसतात. भर दुपारी गेलात तर यातलं अर्धं दिसणार नाही. म्हणून औंढ्याला जायचं ते सकाळी लवकर.

गर्भगृह जमिनीखाली आहे. अरुंद पायऱ्यांनी वाकून उतरावं लागतं आणि एका वेळी मोजकीच माणसं आत मावतात. आणखी एक वेगळेपण म्हणजे नंदी. शिवमंदिरात नंदी समोर असतो, इथे तो मागच्या बाजूला आहे. यामागची कथा पुन्हा नामदेवांकडे घेऊन जाते. देवळासमोर कीर्तन करत असलेल्या नामदेवांना मागे जायला सांगितलं, ते मागे जाऊन गाऊ लागले आणि देऊळच त्यांच्याकडे वळलं, अशी ती कथा. नामदेवांना त्यांचे गुरू विसोबा खेचर भेटले तेही औंढ्यालाच, असं वारकरी परंपरा मानते. पिंडीवर पाय ठेवून झोपलेले विसोबा म्हणाले, जिथे देव नाही तिथे माझे पाय उचलून ठेव. आणि नामदेवांना तशी जागाच सापडेना. देवळाच्या वास्तूत जे सापडत नाही ते अशा कथेत सापडतं. दोन्ही जवळ ठेवावं. फक्त कथेला कथा म्हणावं आणि दगडाला दगड.

औंढ्याहून जवळच सिद्धेश्वर धरण आहे. पूर्णा नदीवर वरच्या बाजूला येलदरी आणि खाली सिद्धेश्वर, अशी ही जोडी १९६८ ची. येलदरीत पाणी साठतं आणि २२.५ मेगावॅटचं जलविद्युत केंद्र चालतं, तर सिद्धेश्वरहून कालवे निघतात. वीज करून सोडलेलं पाणी वाया न जाता शेतीला जातं. एकाच पाण्याकडून दोन कामं! इलेक्ट्रिकल आणि सिव्हिल या दोन डिपार्टमेंटांचं एवढं पटलेलं उदाहरण कॉलेजात सापडणार नाही.

दुधाळा : विश्वाचं ऐकणारा कान

आता या दौऱ्यातलं सर्वात नवं ठिकाण. औंढ्याजवळच्या दुधाळा परिसरात लिगो-इंडिया हा प्रकल्प होऊ घातला आहे. गुरुत्वीय लहरी टिपणारी वेधशाळा. अमेरिकेत हॅनफर्ड आणि लिव्हिंगस्टन इथे अशा दोन आहेत. १४ सप्टेंबर २०१५ रोजी या दोघींनी पहिल्यांदा गुरुत्वीय लहर टिपली. दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळल्याची ती खूण होती, आणि ती घटना सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षं दूरची. ११ फेब्रुवारी २०१६ ला हे जगाला सांगण्यात आलं आणि २०१७ चं भौतिकशास्त्राचं नोबेल याच कामाला मिळालं. भारतातल्या प्रकल्पाला २०१६ मध्ये तत्त्वतः आणि एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी रुपयांच्या खर्चासह केंद्र सरकारची मंजुरी मिळाली.

यंत्राचं तत्त्व आपण फर्स्ट इयरला शिकतो : मायकेल्सनचा इंटरफेरोमीटर. एक लेसर किरण दोन भागांत फोडायचा, काटकोनात असलेल्या दोन भुजांतून पाठवायचा, आरशांवरून परत आणायचा आणि दोन्ही किरण एकमेकांत मिसळायचे. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा किंचित ताणली जाते, दुसरी किंचित आखडते आणि परतलेल्या प्रकाशाचा नमुना बदलतो. लॅबमधलं उपकरण टेबलावर मावतं. इथे एकेक भुजा ४ किलोमीटरची! आणि मोजायचा बदल किती? प्रोटॉनच्या व्यासाच्या साधारण दहाहजाराव्या भागाइतका.

सिव्हिलवाल्यांसाठी यात एक खास गंमत आहे. लेसर सरळ रेषेत जातो, पण जमीन तर गोल! लेव्हलिंगमधलं वक्रता दुरुस्तीचं सूत्र आठवा : ०.०७८५ गुणिले अंतराचा वर्ग. अंतर ४ किलोमीटर घातलं तर उत्तर येतं सुमारे १.२५ मीटर. म्हणजे नळी जमिनीला समांतर टाकली तर किरण आरशावर पोहोचणारच नाही. पाया तेवढा जुळवून घ्यावा लागतो. जे सूत्र आपण दोन मार्कांसाठी पाठ करतो, ते आपल्याच भागात चार किलोमीटर लांबीवर वापरलं जाणार आहे.

आता पहिला प्रश्न : हे इथेच का? कारण या यंत्राला शांतता लागते. समुद्राच्या लाटा, रेल्वे, अवजड ट्रक, कारखाने या सगळ्यांनी जमीन थरथरते आणि ती थरथर लहरीत मिसळते. म्हणून सपाट, शहरांपासून दूर, कमी हादऱ्यांची जागा शोधावी लागते. अर्थात पूर्ण शांत जमीन कुठेच नसते. मार्च आणि जुलै २०२४ मध्ये आपल्याच जिल्ह्यात भूकंपाचे धक्के जाणवले होते. म्हणूनच अशा वेधशाळेत ४० किलो वजनाचे आरसे एकाखाली एक अशा चार लंबकांच्या रचनेला टांगतात, म्हणजे खालचा हादरा आरशापर्यंत पोहोचता पोहोचता विरून जातो.

आणि भारतातच का? दोन कानांमुळे आवाज कुठून आला ते कळतं, तसंच हे आहे. लहर प्रत्येक वेधशाळेत काही मिलिसेकंद मागेपुढे पोहोचते, त्या फरकावरून दिशा काढतात. वेधशाळा जितक्या दूरदूर, तितकी दिशा नेमकी. पृथ्वीच्या या बाजूला एक कान हवा होता, तो हिंगोली जिल्ह्यात येतो आहे.

मित्रांनो, एक सूचना. बांधकामाची जागा ही सहलीची जागा नव्हे. कॉलेजचं पत्र आणि रीतसर परवानगी असल्याशिवाय तिथे जाऊ नये. औंढ्याच्या वाटेवर तो माळ बघितला आणि वरचं गणित एकदा मनात करून पाहिलं तरी पुष्कळ झालं.

आता पिसाकडे

सुरुवातीला म्हटलेलं साम्य आता सांगतो. पिसाचा मनोरा बांधायला ११७३ मध्ये सुरुवात झाली. औंढ्याच्या यादवकालीन देवळापासून काळाने फार दूर नाही. आणि पिसाच्या जवळच काशिना इथे युरोपची व्हर्गो ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा आहे, ३ किलोमीटरच्या भुजांची. १७ ऑगस्ट २०१७ रोजी लिगो आणि व्हर्गो यांनी मिळून दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीची दिशा ठरवली आणि दुर्बिणींनी ती जागा शोधून काढली. म्हणजे मध्ययुगातली देवालयाची वास्तू आणि शेजारी विश्वाचा वेध घेणारं यंत्र, अशी जोडी जगात इटलीत आहे आणि आता औंढ्याला होणार आहे.

मग फरक कुठे आहे? खरं सांगायचं तर पिसाचा मनोरा ही एक चूक आहे. खालची माती एका बाजूला मऊ निघाली, तीन मजले होईपर्यंत मनोरा कलायला लागला. मध्ये लढायांमुळे काम बरीच दशकं थांबलं, तेवढ्यात माती दबून घट्ट झाली म्हणून तो वाचला. पण इटलीने ही चूक जपली. १९९० मध्ये मनोरा लोकांसाठी बंद केला आणि अकरा वर्षं काम केलं. उंच बाजूच्या खालची माती थोडी थोडी काढून कल सुमारे अर्ध्या अंशाने कमी केला. पूर्ण सरळ मुद्दामच केला नाही, कारण त्याची ओळखच कल आहे. डिसेंबर २००१ मध्ये तो पुन्हा उघडला. आज तिथे जाणाऱ्याला मातीचा थर, वजन, कल हे सगळं समजावून सांगणारं साहित्य मिळतं.

एका चुकीला त्यांनी एवढं जपलं. आपण आपल्या अचूक कामाला काय देतो? मराठवाड्यातल्या कितीतरी जुन्या देवळांत शिल्पांवर ऑइलपेंटचे थर चढलेले आहेत. कुठे कोरीव खांबांना टाइल्स चिकटवल्या, कुठे दगडी सांध्यांत सिमेंट भरलं. हेतू वाईट नसतो, देवाचं घर चकचकीत दिसावं एवढीच भावना असते. पण रंगाखाली छिन्नीची बारीक रेघ बुजते, आणि सिमेंट दगडातला ओलावा कोंडून धरतं, मग दगडाचे पापुद्रे सुटतात. शिवाय खांबांवर नावं कोरणारे प्रेमवीर आहेतच. त्यात कॉलेजची मुलंही असतात, हे मान्य करायला हवं.

इथेच खरा प्रश्न आहे. येत्या काही वर्षांत लिगोमुळे औंढ्याला देशातले आणि परदेशातले लोक येतील. हॉटेलं, लॉज, प्लॉटिंग, रुंद रस्ते येतील. पण ज्या यंत्रामुळे हे सगळं येणार, त्याला तर शांतता हवी! म्हणजे हे बहुधा एकमेव पर्यटनस्थळ असेल जिथे गर्दी स्थळाच्याच मुळावर येऊ शकते. म्हणून रस्ता कुठून न्यायचा, ट्रक कुठे थांबवायचे, मुक्कामाच्या सोयी किती अंतरावर करायच्या, हे आधीच ठरायला हवं. आणि आलेल्या पाहुण्याला देऊळ, नरसी, बारव हे सगळं समजावून सांगणारी इथली मुलं हवीत. नाहीतर तिकिटं आणि चहा विकण्यापलीकडे आपल्या वाट्याला काही उरणार नाही.

परतीची वाट आणि दोन दिवसांचा आराखडा

पहिला दिवस : सकाळी नांदेडहून निघून डोंगरकड्याला केळीच्या बागा आणि कालवा, वारंगा फाट्यावर नाश्ता, दुपारपर्यंत हिंगोली, तिथून नरसी आणि संध्याकाळी औंढ्याला मुक्काम. ज्यांना रेल्वेने यायचं त्यांच्यासाठी पूर्णा-अकोला मार्गावर 'हिंगोली डेक्कन' हे स्टेशन आहे. दसऱ्याच्या सुमारास आलात तर हिंगोलीचा दीडशे वर्षांहून जुना दसरा महोत्सवही पदरात पडेल.

दुसरा दिवस : उजाडताच देऊळ, मग सिद्धेश्वर धरण. परतताना वसमतच्या रस्त्यावर शिरड शहापूरला मल्लिनाथ दिगंबर जैन मंदिर बघावं. पुढे वसमतला हळदीची बाजारपेठ आणि रात्रीपर्यंत नांदेड. लंगरला पोहोचता आलं तर नामदेवांच्या शब्दांचं वर्तुळ पूर्ण होतं. हाती तिसरा दिवस असेल तर परभणी जिल्ह्यात चारठाण्याची प्राचीन मंदिरं आणि वालूरची चक्राकार बारव जरूर बघा. वालूरच्या गावकऱ्यांनी श्रमदान करून ही बारव गाळातून मोकळी केली आहे. तिसऱ्या प्रश्नाचं, म्हणजे 'हे कोण सांभाळतं' याचं इतकं चांगलं उत्तर क्वचितच मिळतं.

आपण काय करू शकतो?

केवळ वाचून मासिक उशाखाली ठेवू नये म्हणून तीन सूचना करतो. सरांनी आणि मॅडमनी त्यांचा जरूर विचार करावा.

एक : दरवर्षी आपला सर्व्हे कॅम्प कुठल्यातरी मोकळ्या मैदानावर होतो. तो एकदा एखाद्या गावच्या जुन्या बारवेवर घ्यावा. टोटल स्टेशनने मापं घेऊन तिचा प्लॅन आणि सेक्शन काढावा, एक प्रत ग्रामपंचायतीला द्यावी. उद्या एखादा दगड निखळला तर तो कुठे बसवायचा हे निदान कागदावर राहील.

दोन : एनएसएसच्या शिबिरात झाडलोटीबरोबर एक काम जोडावं. प्रत्येक स्थळाचं एका पानाचं साध्या मराठीत माहितीपत्रक. त्यात आपले तीन प्रश्न आणि त्यांची उत्तरं. ऐकीव आणि खात्रीचं वेगवेगळं लिहिलेलं.

तीन : हॉस्टेलच्या प्रत्येक मजल्यावर निदान पाच-सात गावांची मुलं राहतात. प्रत्येकाच्या गावात एखादं देऊळ, बारव, गढी, दर्गा, वीरगळ असतोच. सुट्टीत घरी गेल्यावर आजीआजोबांकडून त्याची माहिती घ्यावी, फोटो काढावा आणि परत येताना घेऊन यावं. कॉमन रूमच्या भिंतीवर जिल्ह्याचा नकाशा लावून त्यावर ते चिकटवत जाऊ. एका वर्षात जो नकाशा तयार होईल, तो आज कुठल्याही पुस्तकात मिळत नाही.

औंढ्याच्या कारागिरांनी दगडावर दगड बसवताना आठशे वर्षांचा विचार केला असेल की नाही, कोण जाणे. पण त्यांनी दगड नीट बसवला, एवढं आपल्यासमोर आहे. दुधाळ्याच्या माळावर नवे अभियंते पुन्हा तेच करणार आहेत, फक्त माप केसाहून कितीतरी बारीक. या दोन कामांच्या मधल्या वाटेवर आपली एसटी रोज धावते. येत्या दिवाळीच्या सुट्टीत घरी जाताना खिडकीजवळची जागा पकडा, आणि एका थांब्यावर उतरा.